मोटारसायकली शर्यतीला नेण्यासाठी डिलिव्हरी व्हॅन की बंद बॉडीची पिकअप?

शर्यतीसाठी तयार केलेल्या मोटारसायकलीला बहुधा हेडलाइट नसतो, आरसे नसतात, अनेकदा नंबरप्लेटही नसते, आणि मातीसाठी बनवलेले जाड गाठींचे टायर डांबरी रस्त्यावर लवकर झिजून जातात. त्यामुळे नाशिकहून पुण्याच्या सुपरक्रॉसला (मातीच्या ट्रॅकवरील उड्यांच्या शर्यतीला), चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किटला किंवा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला जाणाऱ्या प्रत्येक स्वारापुढे पहिला प्रश्न मोटारसायकल नेणाऱ्या गाडीचा असतो. नाशिकहून कोइमतूर रस्त्याने सुमारे चौदाशे किलोमीटर आहे, म्हणजे मोटारसायकल जितका वेळ ट्रॅकवर धावते त्याच्या कितीतरी पट वेळ ती दुसऱ्या गाडीच्या पोटात दोरखंडांच्या आधाराने उभी असते. उघड्या टेम्पोतून पाऊस, धूळ आणि चोरी यांचा धोका पत्करायचा नसेल तर बंद गाडी हवी, इथपर्यंत बहुतेकांचे एकमत होते. घोळ त्यानंतर सुरू होतो, कारण बंद गाडी म्हणून बाजारात दोन अगदी वेगळ्या बांधणीची वाहने समोर येतात आणि दोन्हींच्या माहितीपत्रकांत लांबी, रुंदी आणि वहनक्षमता यांचे आकडे जवळजवळ सारखेच दिसतात.

त्यांपैकी पहिली म्हणजे कारखान्यातूनच एकसंध पत्र्याची बंद बॉडी घेऊन येणारी डिलिव्हरी व्हॅन; टाटा विंगर कार्गो आणि फोर्स ट्रॅव्हलरची डिलिव्हरी व्हॅन ही तिची आपल्याकडची ओळखीची उदाहरणे. दुसरी म्हणजे महिंद्रा बोलेरोसारख्या पिकअपच्या चासीवर हौद्याच्या जागी बॉडी बिल्डरकडून चढवलेला पत्र्याचा बंद कंटेनर. मारुती ईको आणि छोटा हत्ती यांचा विचारही पुष्कळ जण करतात, पण ईकोची बाहेरची उंचीच १८२५ मिलिमीटर असल्याने आत हँडलसह उभी मोटारसायकल बसवणे जिकिरीचे होते, आणि छोट्या हत्तीचा हौदा जेमतेम सात फुटांचा असल्याने सव्वादोन मीटर लांबीची ऑफ-रोड मोटारसायकल त्यात तिरपी ठेवावी लागते. एक मोटारसायकल आणि जवळचे अंतर एवढ्यापुरत्या त्या चालतील. दोन मोटारसायकली असतील तर त्यांचा नाद सोडलेला बरा.

माझे मत असे आहे की या निवडीत वहनक्षमतेचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा आणि गाडीची फरशी सर्वांत आधी पाहावी. हिशेब सोपा आहे. हिरो एक्सपल्स २०० सारखी मोटारसायकल सुमारे १६० किलोची असते आणि खास मोटोक्रॉससाठी बनवलेली २५० सीसीची मोटारसायकल शंभर किलोंच्या आसपास भरते. दोन जड मोटारसायकली, हत्यारांची पेटी, सुटे टायर, पॅडॉक स्टँड (मोटारसायकल उभी करण्याचा घोडा), मंडप आणि पाण्याचे जार मिळूनही एकूण भार सहसा पाच-साडेपाचशे किलोंच्या पुढे जात नाही. विंगर कार्गोची क्षमता १६८० किलो आहे आणि बोलेरो पिकअपच्या वेगवेगळ्या प्रकारांची क्षमता १३०० किलो व त्याहून अधिक आहे, म्हणजे दोन्ही गाड्या या कामात निम्म्यासुद्धा भरत नाहीत.

फरशीची उंची मात्र प्रत्येक वेळी, प्रत्येक चढ-उतारात आडवी येते. विंगरचे इंजिन पुढच्या चाकांना ताकद देते. मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्टच नसल्याने तिची फरशी खाली ठेवता आली आहे. ट्रॅव्हलरमध्ये ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे फरशीखाली शाफ्टसाठी जागा सोडावीच लागते. पिकअपमध्ये तर शिडीसारखी चासी, तिच्यावर आडवे बीम आणि बीमवर कंटेनरची फरशी असे थर चढत जातात. समजा एका गाडीची फरशी जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे, दुसरीची ८५ सेंटिमीटरवर आहे, आणि रॅम्प दोन्हीकडे तोच सात फुटांचा आहे. पहिलीकडे रॅम्पचा कोन सुमारे सव्वासोळा अंश होईल, दुसरीकडे साडेतेवीस अंश. १६० किलोची मोटारसायकल वर ढकलताना पहिल्या ठिकाणी सुमारे ४५ किलोंएवढा जोर सतत लावावा लागेल आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे ६४ किलोंएवढा. दिवसभर शर्यत खेळून मनगटे दुखत असताना, अंधारात आणि ओल्या रॅम्पवर हा फरक म्हणजे एकट्याने मोटारसायकल चढवता येणे आणि मदतीसाठी शेजारच्या तंबूत हाक मारावी लागणे यांतला फरक असतो. रॅम्प लांब घेतल्यास कोन कमी होतो हे खरे, पण दहा फुटांचा रॅम्प घडीचा घेतला नाही तर तो गाडीत ठेवायचा कुठे हा नवा प्रश्न उभा राहतो.

उंचीनंतर फरशीचा आकार पाहावा, आणि इथे पिकअपचे पारडे जड होते. व्हॅनची फरशी खाली असल्यामुळेच मागच्या चाकांचे फुगवटे आत येतात आणि नेमके तिथे फरशीवरची मोकळी रुंदी कमी होते. विंगर कार्गोच्या आतली जागा ३२४० मिलिमीटर लांब, १६४० मिलिमीटर रुंद आणि १९०० मिलिमीटर उंच सांगितली जाते, परंतु मोटारसायकलीच्या चाकासाठी लागणारी सलग पट्टी कुठून कुठवर मिळते हे स्वतः टेप लावूनच कळते. पिकअपचा कंटेनर चाकांच्या वर बसतो, म्हणून त्याची फरशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सपाट मिळते. ऑफ-रोड मोटारसायकलीचे हँडल ८० ते ८५ सेंटिमीटर रुंद असते. दोन मोटारसायकली शेजारी शेजारी एकाच तोंडाने उभ्या केल्या तर हँडले एकमेकांत अडकतात, त्यामुळे एक थोडी पुढे आणि एक थोडी मागे ठेवावी लागते. तीन न्यायच्या असतील तर मधली उलट्या तोंडाने उभी करावी लागते, म्हणजे तिचे हँडल दोन्ही बाजूंच्या मोटारसायकलींच्या अरुंद शेपट्यांमध्ये येते. नऊ-दहा फूट लांबीच्या आणि सपाट फरशीच्या कंटेनरमध्ये ही मांडणी नीट बसते. व्हॅनमध्ये चाकांचे फुगवटे टाळत ती बसवणे कष्टाचे होते, म्हणून तीन मोटारसायकलींच्या संघाने पिकअपकडेच वळावे, असे मला वाटते.

आता बांधणीचा मुद्दा, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मोटारसायकल स्टँडवर उभी करून न्यायची नसते. तिचे पुढचे चाक चॉकमध्ये (चाक धरून ठेवणाऱ्या खोबणीत) अडकवून, पुढच्या फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) खालच्या क्लॅम्पपासून दोन रॅचेट पट्टे पुढे व बाहेरच्या बाजूला ओढून फोर्क साधारण अर्धा दाबायचा असतो, आणि मागचे दोन पट्टे फक्त ती आडवी सरकू नये म्हणून लावायचे असतात. लांबच्या प्रवासात टायर आणि मडगार्डच्या मध्ये लाकडी किंवा प्लास्टिकचा फोर्क ब्लॉक ठेवला तर पट्टे करकचून ओढूनही फोर्कच्या सीलवर अवाजवी ताण येत नाही. या पट्ट्यांचा सगळा ओढ शेवटी फरशीतल्या कड्यांवर येतो. कंटेनर बनवतानाच बॉडी बिल्डरला कड्यांच्या जागा आखून दिल्या तर त्या थेट आडव्या बीमला वेल्ड करून मिळतात. नाशिकमध्ये सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत असे काम करणारे कारागीर आहेत, ही आपल्याकडची मोठी सोय आहे. व्हॅनमध्ये मात्र पातळ पत्र्यात नुसता स्क्रू मारून कडी बसवणे धोक्याचे आहे: कडीच्या खाली, पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने, जाड पोलादी पट्टी देऊन आरपार बोल्ट घ्यावा लागतो, आणि भोक पाडण्यापूर्वी खालून इंधनाची किंवा ब्रेकची नळी जात नाही ना, हे गाडीखाली शिरून पाहावे लागते. दुसरीकडे, बाजूला सरकता दरवाजा असलेल्या व्हॅनमध्ये त्या दारातूनच पुढचे पट्टे आवळता येतात. ज्या कंटेनरला फक्त मागचे दार आहे, त्यात पुढचा पट्टा तपासण्यासाठी मोटारसायकलींच्या अंगावरून ओणवे होऊन पुढे जावे लागते, त्यामुळे वाटेत थांबून पट्टे तपासण्याचा कंटाळा केला जातो. म्हणून कंटेनर करून घेताना डाव्या बाजूला एक दार मागून घ्यावेच; पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर पट्टे थोडे सैल पडतातच आणि ते तेव्हा आवळायलाच हवेत.

पेट्रोलच्या वाफेबाबत दोन्ही वाहनांत मूलभूत भेद आहे. व्हॅनमध्ये चालक आणि माल यांच्यामध्ये पूर्ण उंचीचा पडदा नसेल तर दोघांची हवा एकच असते, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती फरशीलगत साठते. चौदाशे किलोमीटर काचा लावून एसीत बसलेल्या माणसासाठी ही गोष्ट डोकेदुखीवर थांबत नाही. एखादी ठिणगी पडली तर आगीचा धोका थेट पाठीमागे असतो. व्हॅन घ्यायची तर पत्र्याचा पक्का पडदा आणि मालाच्या भागाला खालून व वरून हवेची वाट, या दोन्ही गोष्टींचा खर्च किमतीतच धरावा. पिकअपमध्ये केबिन आणि कंटेनर मुळातच वेगळे असल्याने चालक सुरक्षित राहतो, मात्र कंटेनरलाही जाळी लावलेली झरोकी हवीत. कोणतीही गाडी असो, मोटारसायकलीच्या टाकीतले पेट्रोल काढून घेणे आणि जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलीचा पेट्रोलचा कॉक बंद करणे आवश्यक आहे. सोबत न्यायच्या इंधनाबाबत १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यातली सवलत लक्षात ठेवावी: विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच बाळगता येते आणि ते घट्ट झाकणाच्या, २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या धातूच्या डब्यात ठेवावे लागते. प्लास्टिकच्या कॅनमधून पेट्रोल नेण्याची जी सवय सर्रास दिसते, ती या तरतुदीत बसत नाही.

रस्त्यावरची चाल हा पुढचा मुद्दा आहे. पिकअपचे मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दीड टन कांदा किंवा द्राक्षांचे क्रेट पेलण्यासाठी कडक केलेले असतात. त्यावर पाचशे किलोच ठेवले तर गाडी खड्ड्यांतून उड्या मारते आणि प्रत्येक उडीबरोबर पट्ट्यांना झटका बसतो. टायरमधली हवा पूर्ण भारासाठी सांगितलेल्या दाबावर न ठेवता कमी भारासाठी कंपनीने दिलेल्या दाबावर ठेवल्यास बराच फरक पडतो. व्हॅन या बाबतीत मऊ चालते. शिवाय पिकअपवर चढवलेला उंच कंटेनर गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतो आणि आडव्या वाऱ्याला मोठी सपाट भिंत देतो. समृद्धी महामार्गाच्या उंच भरावावर किंवा कसारा घाटाच्या वळणांवर याची जाणीव होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या विंगरला मात्र उलट अडचण आहे: सगळे वजन मागच्या टोकाला ठेवले तर ओल्या चढावर किंवा चिखलाच्या पार्किंगमधून बाहेर पडताना पुढच्या चाकांची पकड कमी पडते. त्यामुळे जड सामान पडद्याला टेकवून पुढे ठेवावे. मातीच्या शर्यती मोकळ्या मैदानांवर होतात आणि आदल्या रात्री पाऊस झाला तर पॅडॉकचे, म्हणजे गाड्या व तंबू लावण्याच्या आवाराचे, शेत होते. अशा ठिकाणी मागच्या चाकांवर चालणारी, जमिनीपासून उंच असलेली पिकअप निःसंशय सरस ठरते.

कागदपत्रांत दोघींत फारसा भेद नाही. दोन्ही मालवाहू म्हणून पिवळ्या पाटीवर नोंदतात, दोन्हींना पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. एकूण भारित वजन ३००० किलोंच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही, म्हणून मॉडेल ठरवण्यापूर्वी हा एक आकडा अवश्य विचारावा. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर ७५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, त्यामुळे स्वाराने स्वतः गाडी नेण्यात अडचण राहिलेली नाही. पिकअप उघड्या हौद्यासह घेऊन नंतर कंटेनर चढवल्यास बॉडीतला बदल आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. विमा कंपनी दाव्याच्या वेळी हेच आधी पाहते. व्हॅनमध्ये मागे बाके टाकून मित्रांना बसवणे तर पूर्णपणे नियमबाह्य आहे, आणि अपघातात त्याचे परिणाम भीषण होतात.

गाडी वर्षभर कशी राबणार हेही नाशिकमध्ये विचारात घ्यावे लागते. निफाड, दिंडोरी किंवा पिंपळगाव बसवंतकडच्या ज्या घरात द्राक्षे आहेत, तिथे पिकअप शर्यतींव्यतिरिक्तच्या दिवसांत स्वतःचा खर्च काढते आणि विकतानाही तिला गिऱ्हाईक लगेच मिळते. मात्र जानेवारी ते एप्रिल या काढणीच्या काळात ती शेतीला हवी असेल की शर्यतीला, हे घरात आधीच ठरवलेले असावे. शहरात राहणाऱ्या, एक-दोन मोटारसायकली घेऊन दक्षिणेतल्या डांबरी ट्रॅकवर जाणाऱ्या आणि बहुतेक वेळा एकट्यानेच गाडी भरणाऱ्या स्वाराला मी खाली फरशी असलेली व्हॅनच सुचवेन. मातीच्या शर्यती खेळणाऱ्या, तीन मोटारसायकलींच्या संघाला मी बंद बॉडीची पिकअप सुचवेन, आणि तिच्या कंटेनरची फरशी शक्य तितकी खाली ठेवण्याविषयी बॉडी बिल्डरशी काम सुरू होण्यापूर्वीच बोलून घ्यायला सांगेन, कारण बीमची उंची एकदा ठरली की ती नंतर कमी करता येत नाही. शोरूममध्ये जाताना स्वतःची मोटारसायकल आणि स्वतःचा रॅम्प घेऊन जावे, मागचे दार उघडून ती प्रत्यक्ष चढवून पाहावी, हँडल दाराच्या चौकटीला लागते का आणि चढवणाऱ्याला तिच्या बाजूने चालत आत जायला जागा उरते का हे पाहावे, आणि त्यानंतरच बयाणा द्यावा.