बोअरला गॅस लागला, तर शेतकरी कोट्यधीश?

"बोअर मारताना गॅस लागला की जमीनमालक रातोरात कोट्यधीश, अमेरिकेतले गॅससम्राट असेच झाले," हा मेसेज कोल्हापुरात वर्षानुवर्षे फिरतोय. कर्जाखालच्या माणसाला तो खरा वाटावा, हे मी समजू शकतो.

अमेरिकेत जमिनीखालचा हक्क बऱ्याचदा खासगी असतो. तरी मालकाला मिळते ती रॉयल्टी, म्हणजे निघालेल्या गॅसच्या उत्पन्नातला परंपरेने आठवा हिस्सा. गडगंज झाले ते हजारो एकरांचे भाडेपट्टे जमवून, कर्ज काढून विहिरी खोदणारे. भाव कोसळल्यावर त्यातले कित्येक बुडालेही.

आपल्याकडे कायदाच वेगळा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४८ काढून वाचा: खनिजांचा हक्क सरकारचा, सातबारा तुमच्या नावावर असला तरी. शिवाय नैसर्गिक वायू तयार होतो गाळाच्या खडकांत. आपल्या करवीर-कागलच्या बोअरला लागतो तो लाव्हा थिजून झालेला काळा दगड.