खान्देशातून आठवडाभराची जंगल सफर: परवाने, पात्रता आणि कागदपत्रे

खान्देशाच्या वाट्याला यावल, अनेर आणि सीमेवरचे गौताळा-औट्रमघाट अशी अभयारण्ये आली आहेत, पण राष्ट्रीय उद्यान एकही नाही. राज्यातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी ताडोबा, गुगामल (मेळघाट), पेंच आणि नवेगाव ही चार विदर्भात आहेत. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडचे कुटुंब स्वतःच्या गाडीने आठवडाभर जंगले पाहायला निघाले, की त्याची वाट राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून पूर्वेकडे जाते. जळगाव ते नागपूर हे अंतर सुमारे ४२० किलोमीटर आहे. आधी मुक्काम ठरवायचे, हॉटेल घ्यायचे आणि सफारीचे तिथे गेल्यावर पाहायचे, अशी आपल्याकडची सवय असते. या प्रवासात मात्र क्रम उलटा ठेवावा लागतो, म्हणजे आधी प्रवेश परवाने मिळवायचे आणि त्यांच्या तारखांवरून रस्ता आखायचा.

परवाना का लागतो, हे समजून घेतले तर पुढचे नियम जाचक वाटत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत आणि कलम २८ नुसार पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास अशा कारणांसाठी परवानगी देता येते. हीच कलमे राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतात. सार्वजनिक महामार्गावरून जाणाऱ्याला या निर्बंधातून सूट आहे, म्हणून परतवाडा-धारणी रस्त्याने मेळघाट ओलांडताना सफारीचा परवाना लागत नाही. मात्र तिथेही वन्यप्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे हा गुन्हाच आहे. पर्यटक म्हणून अर्ज करण्यासाठी ओळखपत्राखेरीज वेगळी पात्रता लागत नाही. लहान मुलांसोबत प्रौढ व्यक्ती असावी, एवढेच पाहावे.

अर्ज कसा करावा

अर्ज ऑनलाइन करायचा असतो. आरक्षणाच्या पानावर नेहमी वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच जावे, कारण शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी पाने पुष्कळदा खासगी दलालांची असतात आणि शासकीय पानासारखी सजवलेली असतात. मोबाइल क्रमांकाने नोंदणी केल्यावर प्रवेशद्वार, तारीख आणि सकाळची किंवा दुपारची फेरी निवडावी लागते. त्यानंतर प्रत्येक पर्यटकाचे नाव, वय, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक भरायचा असतो. एका जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) साधारणपणे सहा पर्यटक बसतात, त्यांच्याखेरीज चालक आणि गाईड असतो. नऊ-दहा जणांच्या एकत्र कुटुंबाला दोन जिप्सी घ्याव्या लागतील, म्हणून मुले कोणाबरोबर बसणार हे अर्जाआधीच ठरवावे. पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसरे आरक्षण करू नये. खात्यातील नोंद तपासून थोडे थांबावे. पावती मिळाल्यावर भरलेल्या रकमेत प्रवेश, जिप्सी आणि गाईड यांपैकी काय धरले आहे, हे वाचून घ्यावे. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्यासाठी वेगळे शुल्क लागू शकते.

सर्वांत जास्त गोंधळ नावांचा होतो. ताडोबाच्या एका प्रवेशद्वाराचे नाव नवेगाव आहे आणि ते चिमूरकडच्या बाजूला येते. नवेगाव राष्ट्रीय उद्यान मात्र गोंदिया जिल्ह्यात आहे. पेंच तर दोन राज्यांत विभागलेले आहे. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार ही प्रवेशद्वारे महाराष्ट्राची, तर टुरिया आणि कर्माझिरी मध्य प्रदेशाची. दोन्ही राज्यांची आरक्षण व्यवस्थाही वेगवेगळी आहे. ताडोबातही मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला आणि कोलारा चिमूरच्या बाजूला असल्याने एका दाराची सफारी आणि दुसऱ्या दाराजवळचा मुक्काम अशी जोडी जमत नाही, कारण पहाटेची फेरी गाठण्यासाठी अंधारात मोठा वळसा घालावा लागतो. कोअर (जंगलाचा गाभा) आणि बफर (त्याभोवतीचा पट्टा) यांचे आरक्षणही स्वतंत्र असते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी राज्य, उद्यान, दार आणि क्षेत्र या चारही गोष्टी घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्याव्यात.

वारांचे गणित

ताडोबा मंगळवारी बंद असते, मध्य प्रदेशातील व्याघ्रप्रकल्पांत बुधवारी दुपारची फेरी नसते आणि ताडोबात शनिवार-रविवारचे शुल्क जास्त असते. शुक्रवारी निघून शनिवारी मेळघाट, रविवार-सोमवारी पेंच, मंगळवारी केवळ प्रवास आणि बुधवार-गुरुवारी ताडोबा ही मांडणी या नियमांत नीट बसते. अर्ज करताना मात्र ताडोबाचा आधी करावा, कारण तिथली आरक्षणे लवकर भरतात; पेंच त्यानंतर आणि मेळघाट शेवटी. मेळघाटात कोलकास येथे हत्तीची सफारीही मिळते, पण जानेवारीत काही दिवस हत्ती पायांच्या उपचारासाठी रजेवर असतात. ती रजा त्यांना मिळते हे बरेच आहे. आपण फक्त तारीख विचारून घ्यावी. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात ताडोबा आणि पेंचचे कोअर क्षेत्र बंद असते. मे महिन्यात पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता वाढते, आणि भुसावळच्या उन्हात वाढलेल्या माणसाला विदर्भाचे ऊन नवे नाही.

सोबत काय ठेवावे

आरक्षणाच्या वेळी नोंदवलेले ओळखपत्र मूळ स्वरूपात हवे. एकाच व्यक्तीसाठी ताडोबाला आधार आणि पेंचला वाहन परवाना असे न करता सर्व अर्जांत एकच ओळखपत्र वापरावे. विवाहानंतर आधारवरचे आडनाव बदललेले नसल्यास अर्जात आधारवरचेच नाव जसेच्या तसे लिहावे. नाव जुळले नाही तर दारावर अडचण येते आणि आरक्षणावरची नावे नंतर सहसा बदलून मिळत नाहीत. मुलांचे आधारही बरोबर घ्यावे. ताडोबात मोबाइल आत नेण्यास मनाई असल्याने पावतीची छापील प्रत काढूनच घरून निघावे. फेरीच्या वेळेआधी किमान अर्धा तास दारावर हजर राहावे.

स्वतःची गाडी साधारणपणे प्रवेशद्वारापर्यंतच उपयोगी पडते, तरी तिचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना लागतोच. डिजिलॉकरमधील प्रती त्यासाठी ग्राह्य आहेत. मेळघाटला रावेर, बऱ्हाणपूर, धारणी या रस्त्याने जायचे असेल तर वाटेत मध्य प्रदेशाचा पट्टा लागतो. खासगी गाडीला त्यासाठी वेगळा परवाना नको. भाड्याची पिवळ्या पाटीची गाडी असेल, तर तिच्याकडे अखिल भारतीय पर्यटन परवाना आहे का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी गाडीमालकाला विचारावे. तो नसेल तर मध्य प्रदेशाचा तात्पुरता परवाना आणि कर ऑनलाइन भरावा लागतो, आणि तो खर्च कोणी सोसायचा हेही तेव्हाच लिहून घ्यावे.