कुठला फटका किती महागात पडला?

गोल्फची राउंड संपवून आलेल्या कुणालाही विचारा, आज काय झालं, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "पटिंगने मारलं यार". दोन-तीन सोपे पट, म्हणजे भोकाजवळून बॉल घरंगळवत भोकात घालायचे फटके, हुकलेले असतात, ते डोक्यात रुतून बसतात, आणि मग पुढचा आठवडाभर माणूस हॉलमधल्या गालिच्यावर पटर घेऊन उभा, जमलं तर नवा पटरसुद्धा घेऊन येतो. आता तो खोटं बोलतोय असं नाही. पण नुकसान खरंच पटिंगमधे झालं का हे त्याला कळायला काही मार्गच नाही, कारण त्याच्या हातातलं कार्ड फक्त एवढंच सांगतं की चौथ्या होलला 6 फटके लागले. ते सहा कसे लागले, कुठून कुठे बॉल गेला, काही नाही. क्रिकेटमधे गल्लीतला स्कोअरर पण बॉलबॉलचा हिशोब ठेवतो, आणि इथे एवढा महागडा खेळ खेळून आपण होलमागे एक आकडा लिहून मोकळे.

खेळ चालू असताना ठरलेल्या खुणांनी प्रत्येक घटना लिहून काढायची आणि नंतर त्या नोंदींवरून खेळ तपासायचा, याला क्रीडाविज्ञानात नोटेशनल ॲनालिसिस म्हणतात. नाव भारदस्त आहे पण काम पेन्सिल-वहीचं. त्याची गरज का पडली, तर माणसाची आठवण या बाबतीत अगदीच बेभरवशाची. फ्रँक्स आणि मिलर या दोघांनी 1986 साली फुटबॉल कोचेसवर एक अभ्यास केला होता, 45 मिनिटांचा खेळ दाखवला आणि मग विचारलं काय काय घडलं, तर कोच लोकांची अर्धी उत्तरंसुद्धा बरोबर आली नाहीत. ज्यांचं कामच खेळ बघणं आहे त्यांची ही कथा. मग स्वतः खेळणाऱ्याचं, ते पण हुकलेल्या पटाचा राग मनात असताना, काय होणार.

या विषयाची गोष्ट सांगताना चार्ल्स रीप या गृहस्थांना टाळता येत नाही. इंग्लंडच्या हवाईदलातले अधिकारी, मूळचे अकाउंट्सवाले. 18 मार्च 1950 ला स्विंडन टाउनची फुटबॉल मॅच बघत होते, हाफटाइमला वैतागून त्यांनी वही-पेन्सिल काढली आणि टीमचा प्रत्येक हल्ला खुणांनी लिहायला सुरुवात केली. पुढे आयुष्यभर ते हेच करत राहिले, शेकडो मॅच. त्यांच्या वह्यांतून निघालं की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमधे होतात, म्हणून उगाच पास खेळत बसू नका, लांब मारा. इंग्लिश फुटबॉलवर याचा बराच प्रभाव पडला. पण यात एक मोठ्ठी गडबड होती. बहुतेक गोल कमी पासवाले होते कारण बॉल ताब्यात आल्यावर बहुतेक वेळा तो तीन पासच्या आतच जायचा! गोल किती झाले हे मोजलं, पण किती प्रयत्नांमागे झाले याने भागलंच नाही. ह्यूज आणि फ्रँक्स यांनी 2005 मधे तसा भागाकार करून दाखवला तेव्हा चित्र उलटं निघालं, जास्त पासच्या हल्ल्यांत गोलचं प्रमाण उलट जास्त होतं. म्हणजे रीपसाहेबांच्या नोंदी बरोबर, कष्ट खरे, निष्कर्ष गंडलेला.

हे एवढं लांबवायचं कारण म्हणजे गोल्फमधे अगदी हीच चूक कितीतरी वर्षं चालली होती. प्रो खेळाडूच्या राउंडमधे 70-71 फटके असतात आणि त्यातले साधारण 29 पट. चाळीस टक्के! मग पटिंगच सगळ्यात महत्त्वाचं, असं म्हणायला कुणालाही मोह होईल, "ड्राइव्ह फॉर शो, पट फॉर डो" ही गोल्फमधली जुनी म्हण (ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, दिखाव्याचा, पैसे मिळतात ते पटवर) त्यातूनच टिकून राहिली. पण जे जास्त वेळा घडतं तिथेच माणसामाणसातला फरक पडतो असं थोडीच आहे. त्या 29 पटांतले बरेचसे एक-दोन फुटांचे, ते तुम्हीपण घालणार आणि टायगर वुड्सपण घालणार.

जुन्या नोंदी अगदीच नव्हत्या असं नाही. टीवरून, म्हणजे होल जिथे सुरू होतो तिथून, मारलेला बॉल फेअरवेत, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यात, बसला का, ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, वेळेत (ठरलेल्या फटक्यांत) पोचलात का, राउंडमधे पट किती लागले, हे तीन आकडे प्रो लोकांचे पूर्वीपासून ठेवले जायचे, आणि हौशी मंडळी अजूनही हेच ठेवतात. तिघांतही खोट आहे. समजा एकाने अठरापैकी बारा ग्रीन वेळेत गाठले, पण बॉल भोकापासून तीस-तीस फुटांवर, त्याला 32 पट लागले. दुसऱ्याला पाचच ग्रीन मिळाले, बाकी वेळा बाहेरून चिप करून, म्हणजे छोटा उचलता फटका मारून, बॉल भोकाजवळ आणून ठेवला, पट लागले 27. कार्ड म्हणणार दुसऱ्याचं पटिंग भारी, आणि प्रत्यक्षात त्याची चिपिंग भारी असेल, पटिंग कदाचित सुमारच असेल. एका फटक्याचं श्रेय किंवा पाप दुसऱ्याच्या खात्यात जातंय.

ही गाठ नीट सोडवली ती कोलंबिया बिझनेस स्कूलच्या मार्क ब्रॉडी या प्रोफेसरांनी. त्यांनी आधी हौशी खेळाडूंचे फटके नोंदवायची एक पद्धत बनवली आणि नंतर त्यांना अमेरिकेच्या पीजीए टूरचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचा, शॉटलिंक नावाचा नोंदींचा खजिना वापरायला मिळाला. या टूरवर 2003 पासून बरीच वर्षं स्वयंसेवकांची फौज लेझर घेऊन कोर्सभर उभी असायची आणि प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक फटका कुठून कुठे गेला ते नोंदवायची. एवढा डेटा हातात आल्यावर ब्रॉडींनी एक साधा प्रश्न विचारला: अमुक अंतरावरून, अमुक जागेवरून, टूरवरच्या खेळाडूला बॉल भोकात घालायला सरासरी किती फटके लागतात?

त्याचं टेबल तयार झालं. 400 यार्डच्या होलला टीवरून 3.99. फेअरवेतून 140 यार्डवर असाल तर 2.91, तेवढ्याच अंतरावर रफमधे, म्हणजे वाढलेल्या गवतात, असाल तर 3.15, आणि झाडामागे अडकला असाल तर थेट 3.80. ग्रीनवर 20 फुटांवरून 1.87, आठ फुटांवरून 1.50, तीन फुटांवरून 1.04.

आता गंमत बघा. फटक्याआधीचा आकडा घ्या, त्यातून फटक्यानंतरचा आकडा वजा करा, आणि मारलेला एक फटका वजा करा. जे उरलं ती त्या फटक्याची कमाई किंवा घाटा. 400 यार्डच्या होलला ड्राइव्ह फेअरवेत 140 वर थांबला, 3.99 वजा 2.91 वजा 1, म्हणजे 0.08 ची कमाई. तिथून 20 फुटांवर आणला, अजून 0.04. पहिला पट तीन फूट लांब राहिला, 0.17 चा घाटा. तो घातला, 0.04 परत आले. एकूण बेरीज उणे 0.01, आणि कार्डावर नुसतं 4. चारही फटक्यांचं माप वेगवेगळं कळलं आणि कुणाचं पाप कुणाच्या माथी गेलं नाही. याला स्ट्रोक्स गेन्ड म्हणतात, पीजीए टूरने 2011 मधे आधी पटिंगसाठी हे अधिकृतपणे स्वीकारलं आणि पुढच्या काही वर्षांत बाकी फटक्यांसाठीही.

मला स्वतःला यातलं सगळ्यात डोळे उघडणारं गणित आउट ऑफ बाउंड्सचं वाटतं. टीवरून बॉल हद्दीबाहेर घालवला की दंड धरून दोन फटके खर्च झालेले असतात आणि तुम्ही परत त्याच टीवर उभे, 3.99 वर. म्हणजे सरळ दोनचा घाटा. आठ फुटांचा पट हुकला आणि बॉल भोकाच्या तोंडाशी थांबला तर घाटा अर्ध्याचा. म्हणजे हद्दीबाहेर गेलेला एक ड्राइव्ह बरोबर चार हुकलेल्या पटांएवढा. पण ड्राइव्ह गेला की आपण "आज वारा होता" म्हणतो आणि पट हुकला की आठवडाभर झोप लागत नाही.

ब्रॉडींनी 2004 ते 2012 मधल्या टूरवरच्या पहिल्या 40 खेळाडूंची कमाई अशी फोडून बघितली. बाकीच्यांवर त्यांची जी आघाडी होती त्यातली 40 टक्के आली ॲप्रोच शॉट्समधून, म्हणजे लांबून ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांतून, 28 टक्के ड्रायव्हिंगमधून, ग्रीनभोवतीच्या छोट्या खेळातून 17 आणि पटिंगमधून 15. म्हण पार उलटी पडली. हौशी लोकांतही तसंच, राउंडला 80 फटके मारणारा आणि 90 मारणारा यांच्यातल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग शंभर यार्डाच्या बाहेरच्या फटक्यांतून येतो.

इथे कुणीतरी लगेच आपली गोल्फपटू अदिती अशोकचं नाव काढेल, आणि काढायलाच हवं. 7 ऑगस्ट 2021, शनिवारची सकाळ, आयुष्यात कधी गोल्फ न बघितलेली आपल्याकडची जनता टोकियो ऑलिंपिकमधला शेवटचा राउंड बघत बसली होती, बर्डी म्हणजे काय ते गूगल करत. अदितीचं मेडल एका फटक्याने हुकलं, चौथी आली. तिचा ड्राइव्ह अमेरिकेच्या नेली कोर्डासारख्यांच्या बराच मागे पडत होता आणि ती टिकली होती ती पटरच्या जिवावर. मग 15 टक्क्यांचं काय? तर ते अनेक वर्षांच्या, अनेक खेळाडूंच्या सरासरीचं आहे. पटिंग हा प्रकारच असा आहे की एखाद्या आठवड्यात पेटतो आणि पुढच्या आठवड्यात विझतो, त्यामुळे कुठलीही एक टूर्नामेंट घेतली तर वर आलेल्यांच्या यशात पटिंगचा वाटा नेहमीपेक्षा मोठा दिसतो. आणि तसंही सरासरी काही अदितीबद्दल बोलत नाही, अदितीबद्दल अदितीच्या नोंदी बोलणार. कुणाचा पाया पटिंग असेल, कुणाचा आयर्न, म्हणजे ॲप्रोचला वापरायचे लोखंडी क्लब. सरासरी वाचून स्वतःचं निदान करणं म्हणजे शेजाऱ्याचा रिपोर्ट बघून औषध घेणं.

स्वतःच्या नोंदी ठेवणाऱ्यांत सध्या सगळ्यात पक्का माणूस म्हणजे इंग्लंडचा मॅट फिट्झपॅट्रिक. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपासपासून हा पोरगा मारलेला प्रत्येक फटका लिहून ठेवतोय, किती मारायचा होता, कुठल्या क्लबने, प्रत्यक्षात कुठे पडला. त्याच्या डेटाला मदत करणारा एदोआर्दो मोलिनारी स्वतः टूरवर जिंकलेला खेळाडू आणि शिक्षणाने इंजिनिअर. मॅट अचूक होता पण लांब मारणाऱ्यांतला नव्हता, मग त्याने स्विंगचा वेग वाढवण्यावर रीतसर मेहनत घेतली, आणि 2022 मधे ब्रुकलाइनला यूएस ओपन जिंकली, शेवटच्या होलला फेअरवे बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, नाइन आयर्नने ग्रीन गाठून. वहीमुळे जिंकला असं म्हणणार नाही, वही ठेवून न जिंकलेलेही असतीलच. पण आपल्याला नेमकं काय वाढवायचंय हे वादातून नाही तर नोंदीतून ठरवता येतं, एवढं तरी त्यावरून दिसतं.

आपल्याला लेझरवाली फौज नको. घड्याळं आहेत, क्लबला लावायचे सेन्सर आहेत, पण कार्डाच्या मागची कोरी बाजू पण पुरते. मी तर म्हणेन सुरुवात कागदावरच करा, कारण लिहावं लागलं की बघावं लागतं. टीला ट, फेअरवेला फ, रफला र, वाळूला व, झाडात अडकला तर अ, ग्रीनला ग, आणि पुढे भोकापर्यंतचं अंतर, ग्रीनवर फूट आणि बाकी सगळीकडे यार्ड. वरचं उदाहरण मग एवढंच होतं: ट400 फ140 ग20 ग3. बस, अख्खा होल एका ओळीत, कमाई-घाट्याची वजाबाकी घरी आल्यावर. टेबल प्रो लोकांचं आहे त्यामुळे आपण जवळपास सगळीकडे उणेच निघणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, बघायचं ते कुठे जास्त उणे. ॲप्रोच चुकला तर कमी पडला, पुढे गेला, डावीकडे का उजवीकडे याची एक छोटी खूण जोडली तर फारच छान. हौशी लोकांचे ॲप्रोच बहुतेक कमीच पडतात, कारण क्लब निवडताना आपल्याला आठवतो तो आयुष्यात एकदा कडक बसलेला सेव्हन आयर्न.

दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात. ग्रीनच्या कडेच्या झालरीला ग लिहायचं की फ, हे आधी ठरवा आणि मग बदलू नका, नाहीतर मूड बघून खुणा पडतात. दोन माणसांनी एकच राउंड वेगवेगळी नोंदवून जुळवून बघणं हा या शास्त्रात भरवसा तपासायचा रूढ मार्ग आहे, मित्राबरोबर एकदा करून बघा, भांडण होईल पण व्याख्या पक्क्या होतील. आणि एक-दोन राउंडवरून काही ठरवू नका, पटिंगच्या बाबतीत तर अजिबात नाही.

या नोंदी साठल्या की त्यातून काय काय निघू शकतं याचा एक मजेदार नमुना सांगतो. पोप आणि श्वाइत्झर या दोन संशोधकांनी 2011 मधे शॉटलिंकमधले 25 लाखांहून जास्त पट तपासले. अंतर तेच असताना प्रो खेळाडू पारसाठीचा (होलला ठरवून दिलेल्या फटक्यांत संपवणारा) पट बर्डीसाठीच्या (त्याहून एक फटका कमी) पटापेक्षा जास्त वेळा घालतात! फटका दोन्हीकडे एकच वाचतो, टोटलमधे काही फरक नाही, तरी होलवर पाटी आहे "पार" आणि त्याहून एक फटका जास्त लागायची भीती कमाईच्या आशेपेक्षा जोरात काम करते. टायगर वुड्ससुद्धा यातून सुटला नव्हता.

राहिला आपला देशी प्रश्न, "दिला" म्हणून, म्हणजे समोरच्याने न मारताच गेला असं मानून, उचललेल्या पटाचं काय करायचं. मित्रांच्या राउंडमधे हे चालतंच, चालू द्या, पण वहीत अंतर लिहा आणि पुढे "दिला" असं लिहा, आणि तो पट घातला म्हणून मोजू नका. पाच फुटांवरून पीजीए टूरवाले साधारण 77 टक्के पट घालतात, म्हणजे चारातला एक जवळपास हुकतोच. आपल्याकडे मूड चांगला असेल तर पाच फूट सरसकट दिला जातो, त्यामुळे वहीत आपण तेवढ्या अंतरावरून शंभर टक्के.