इराणची मश्रूता राज्यघटना (१९०६–०७)

काजार घराण्यातील शाहांच्या अनिर्बंध सत्तेला कायद्याची चौकट घालण्यासाठी इराणमध्ये (तत्कालीन पर्शिया) तयार झालेली राज्यघटना. ‘मश्रूता’ म्हणजे कायद्याने मर्यादित, घटनात्मक राजवट. ती दोन दस्तऐवजांत विभागलेली आहे : ३० डिसेंबर १९०६ रोजी मंजूर झालेला ५१ कलमांचा मूलभूत कायदा आणि ७ ऑक्टोबर १९०७ ची १०७ कलमांची पुरवणी. अनेकदा दुरुस्त होऊन आणि त्याहून अधिक वेळा गुंडाळून ठेवली जाऊन ती १९७९ पर्यंत नावाला तरी टिकली.

निमित्त साखरेचे झाले. रशिया-जपान युद्धामुळे साखर महागली होती. डिसेंबर १९०५ मध्ये तेहरानच्या गव्हर्नरने भाव वाढवल्याच्या आरोपावरून काही व्यापाऱ्यांच्या तळपायांवर फटके मारवले. बाजार बंद झाला. सय्यद मुहम्मद तबातबाई आणि सय्यद अब्दुल्लाह बेहबहानी हे दोन प्रतिष्ठित धर्मगुरू शाह अब्दुल अजीम दर्ग्यात ‘बस्त’ला, म्हणजे अभयस्थानी आश्रय घेऊन दाद मागायला, बसले. १९०६ च्या उन्हाळ्यात धर्मगुरू कोम या पवित्र शहराला निघून गेले आणि तेहरानातील बारा हजारांहून अधिक लोकांनी ब्रिटिश वकिलातीच्या आवारात मुक्काम ठोकला. बाजारातील एकेका पेशाचा वेगळा तंबू होता, स्वयंपाक मोठमोठ्या कढयांत चाले. पंतप्रधानाला काढा या मागणीची याच काळात संसद द्या अशी मागणी झाली. ५ ऑगस्टला आजारी मुजफ्फरुद्दीन शाहने मजलिस, म्हणजे संसद, स्थापण्याचे फरमान काढले.

निवडणूक कायद्याने मतदारांचे सहा वर्ग पाडले : राजघराणे, धर्मगुरू, सरदार, जमीनदार, व्यापारी व कारागीर. स्त्रियांना मताधिकार नव्हता. एकट्या तेहरानला ६० जागा मिळाल्याने पहिल्या मजलिसवर राजधानीच्या बाजाराची छाप पडली.

१९०६ चा कायदा घाईत लिहिलेला आहे आणि त्याचा बराचसा भाग मजलिसच्या कामकाजाचे नियमच आहेत. त्यातली धारदार कलमे पैशाची आहेत. परकीयांना सवलती देणे, राज्याचे कर्ज काढणे, रस्ते व रेल्वे बांधणे, यांपैकी काहीही मजलिसच्या मंजुरीवाचून करता येणार नव्हते. तंबाखूचा मक्ता १८९० मध्ये एका ब्रिटिशाला दिला गेला होता आणि शाहच्या युरोपवाऱ्या रशियन कर्जावर झाल्या होत्या, हे लोक विसरले नव्हते.

राजाचे स्थान ठरले ते पुरवणीत. तिचा मुख्य आधार १८३१ ची बेल्जियमची घटना होती. गंमत अशी की आंदोलकांची एक जुनी मागणी जकात खात्याच्या बेल्जियन प्रमुखाला हाकलण्याची होती. ३५ व्या कलमानुसार राजपद ही ईश्वरी देणगी असून जनतेने ती राजाकडे ठेव म्हणून सोपवली आहे. एकाच वाक्यात देव आणि जनता दोघांचा मान राखला गेला. ४४ वे कलम राजाला जबाबदारीतून मुक्त करते व मंत्र्यांना मजलिसला जबाबदार धरते. ‘शाहची आज्ञा होती’ ही सबब मंत्र्याला चालणार नाही, असे ६४ वे कलम बजावते. इतकी काळजी घेऊनही ४६ व्या कलमात मंत्र्यांची नेमणूक व बडतर्फी राजाच्या फरमानाने होईल असे लिहिले गेले आणि सैन्याचे सर्वोच्च आधिपत्य राजाकडेच राहिले. हे अधिकार औपचारिक समजायचे की खरे, हे घटनेने सांगितले नाही. माझ्या मते या मसुद्याचा हाच सर्वांत महागात पडलेला दोष.

धर्माच्या प्रश्नावर मात्र मजलिसमध्ये उघड भांडण झाले. सनातनी धर्मगुरू शेख फजलुल्लाह नूरी यांच्या आग्रहातून दुसरे कलम आले : किमान पाच मुज्तहिदांची (शरियतचा अर्थ लावण्याचा अधिकार असलेल्या धर्मपंडितांची) समिती प्रत्येक कायदा तपासेल आणि शरियतविरोधी कायदा नाकारेल. ते कलम प्रत्यक्षात जवळजवळ निद्रिस्तच राहिले. १९७९ नंतरच्या पालक परिषदेत (कायदे शरियतशी जुळतात का हे तपासणाऱ्या संस्थेत) त्या कल्पनेला बळ आले. आठव्या कलमाने सर्वांना राज्याच्या कायद्यापुढे समान ठरवले, त्यालाही नूरींचा विरोध होता. झरतुष्ट्रींना पहिल्या मजलिसमध्ये स्वतःचा प्रतिनिधी मिळाला, तो म्हणजे सावकार अरबाब जमशीद. या समाजाला मुंबईच्या पारशांचा आधार होता. त्यांनी १८५४ मध्ये पाठवलेल्या माणेकजी लिमजी हातारिया यांच्या खटपटीमुळे १८८२ मध्ये जिझिया रद्द झाला होता.

घटनेची पहिली परीक्षा लगेच झाली. २३ जून १९०८ रोजी मुजफ्फरुद्दीननंतर गादीवर आलेला त्याचा मुलगा मुहम्मद अली शाह याने रशियन अधिकाऱ्यांच्या हाताखालील कोसॅक ब्रिगेड या घोडदळाकडून मजलिसवर तोफा डागल्या. तबरीझ शहराने वेढा सोसून प्रतिकार केला, जुलै १९०९ मध्ये गीलान प्रांताच्या व बख्तियारी टोळीच्या फौजांनी तेहरान घेतले, शाह पदच्युत झाला आणि नूरींना फाशी झाली. १९११ च्या अखेरीस रशियाच्या निर्वाणीच्या खलित्यापायी दुसरी मजलिसही बंद पडली.

पुढील दुरुस्त्या बहुतेक गादीच्या सोयीच्या होत्या. १९२५ मध्ये राजपद पहलवी घराण्याकडे गेले. १९४९ मध्ये शाहला मजलिस बरखास्त करण्याचा अधिकार मिळाला. १९०६ च्या कायद्यातले सिनेट (संसदेचे वरिष्ठ सभागृह) तर १९५० मध्ये प्रथमच भरले. ऑगस्ट १९५३ मध्ये ४६ व्या कलमाचा प्रश्न ऐरणीवर आला. शाहने गादीवर बसावे, कारभार करू नये, अशी पंतप्रधान मोसद्देक यांची भूमिका होती. शाहने त्यांच्या बडतर्फीचे फरमान काढले आणि अमेरिकी व ब्रिटिश गुप्तचरांच्या मदतीने झालेल्या उठावाने ते अमलात आले. १९६७ च्या दुरुस्तीने युवराज अल्पवयीन असल्यास राणीने राजप्रतिनिधी व्हावे अशी सोय झाली. तिचा वापर होण्याआधीच १९७९ मध्ये राजेशाही संपली व इस्लामी प्रजासत्ताकाची घटना लागू झाली.