ॲक्टर-मॅनेजर की ॲक्टिंग मॅनेजर? लायसियमच्या पत्रांमधला घोळ

हेन्री आयर्विंग या त्या काळच्या गाजलेल्या इंग्रज नटाने लंडनचं लायसियम थिएटर १८७८ मध्ये स्वतःच्या हातात घेतलं. त्या सुमाराची पत्रं, हँडबिलं, प्रोग्रॅम असं काही वाचायला घेतलं की दोन हुद्दे सारखे समोर येतात, ॲक्टर-मॅनेजर आणि ॲक्टिंग मॅनेजर, आणि भलेभले लोक दोन्ही एकच समजून पुढे जातात. त्यात आपल्याकडे ॲक्टिंग प्रिन्सिपल म्हणजे तात्पुरता खुर्चीवर बसवलेला माणूस, त्यामुळे ॲक्टिंग मॅनेजर म्हणजे खरा मॅनेजर येईपर्यंतचा कोणीतरी असं वाटतं, किंवा मग नाटकात काम करून वर मॅनेजरकीही करणारा. तो या दोन्हीपैकी कोणीच नव्हता.

आयर्विंग हा ॲक्टर-मॅनेजर. थिएटरची लीज त्याच्या नावावर, नाटक कुठलं करायचं, कोणाला घ्यायचं, सेटवर किती उधळायचे हे सगळं तो ठरवणार, मुख्य भूमिका अर्थातच त्याची, आणि धंदा बसला तर खिसाही त्याचाच रिकामा होणार. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण १८७१ पासून तो याच लायसियममध्ये स्टार होता पण पगारी. थिएटर बेटमन नावाच्या अमेरिकन माणसाचं होतं, १८७५ मध्ये तो गेल्यावर त्याच्या बायकोने चालवलं. १८७४ मध्ये आयर्विंगचा हॅम्लेट सलग २०० प्रयोग चालला, लंडनभर नाव त्याचं झालं, गल्ला मात्र बेटमनचा. ३० डिसेंबर १८७८ ला लायसियम उघडलं तेव्हा नाटक परत हॅम्लेटच, हॅम्लेटही तोच, फक्त आता प्रत्येक रिकामी खुर्ची त्याच्या हिशेबात पडणार होती. मराठी वाचकाला हे काही नवीन नाही म्हणा, बालगंधर्वांचं मालक-नट म्हणून काय झालं ते सगळ्यांना माहितीये.

कायदाही या माणसालाच धरायचा. १८४३ च्या थिएटर कायद्यात लायसन्स मिळायचं ते जबाबदार मॅनेजरला, त्याच्याकडून बाँड लिहून घ्यायचे आणि त्याचं नाव-पत्ता प्रत्येक प्लेबिलावर, म्हणजे नाटकाच्या जाहिरातपत्रकावर, छापायला लागायचं.

आणि स्टेजवर शब्द त्याचाच. लायसियमची प्रमुख नटी एलन टेरी हिचा किस्सा आहे. हॅम्लेटमध्ये ती ओफेलिया करणार होती, तिच्या वेडाच्या सीनसाठी तिने हौसेने काळा ड्रेस ठरवला होता, रिहर्सलच्या वेळी तिने आयर्विंगला सांगितलं, तो एवढंच म्हणाला की सहसा पांढरा घालतात ना, तुला पांढराच जास्त शोभेल, आणि विषय सोडला, पण दुसऱ्या दिवशी त्याचा सल्लागार, वॉल्टर लेसी नावाचा जुना जाणता नट, तिच्यावर उडालाच, अहो या नाटकात काळ्या कपड्यात एकच माणूस असतो आणि तो म्हणजे हॅम्लेट! ओफेलिया पांढऱ्यात आली.

आता दुसरा, ॲक्टिंग मॅनेजर. ब्रॅम स्टोकर, हो तोच, ड्रॅक्युलावाला, पण ड्रॅक्युला यायला अजून एकोणीस वर्षं होती. डब्लिनला सरकारी नोकरी, आणि हौस म्हणून तिथल्या पेपरात फुकट नाट्यसमीक्षा. १८७६ मध्ये आयर्विंग तिकडे हॅम्लेट घेऊन गेला, स्टोकरने त्यावर लिहिलं आणि दोघांची गट्टी जमली. नोव्हेंबर १८७८ मध्ये आयर्विंगने ग्लासगोहून त्याला पत्र टाकलं की लायसियम मी घेतोय, तू नोकरी सोडून ये आणि ॲक्टिंग मॅनेजर म्हणून माझा धंदा सांभाळ. बारा-तेरा वर्षांची पक्की सरकारी नोकरी, आणि या बाबाने लगेच हो म्हटलं. ४ डिसेंबरला लग्न केलं आणि काही दिवसांतच बायकोला घेऊन बर्मिंगहॅमला आयर्विंगच्या कामावर हजर. थिएटर उघडायला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

त्याचं काम पडद्याच्या अलीकडचं. बॉक्स ऑफिस, हिशेब, जाहिराती, दाराशी उभी असणारी माणसं, फुकट पास कोणाला द्यायचे आणि कोणाला गोडीत कटवायचं, पहिल्या प्रयोगाला कुठला लॉर्ड कुठल्या रांगेत, आणि संध्याकाळी इव्हनिंग ड्रेस घालून लॉबीत उभं राहून पाहुण्यांचं स्वागत. पडद्यामागची शिस्त तिसऱ्याच माणसाकडे, स्टेज मॅनेजर लव्हडे. स्टोकर तिथे लुडबुड करत नसे.

खरा घोळ होतो पत्रव्यवहारात, कारण लायसियमची बहुतेक पत्रं स्टोकरने लिहिली. आयर्विंगच्या नोकरीत आपण किती पत्रं लिहिली याचा त्याचा स्वतःचा अंदाज पाच लाखांच्या घरात जातो. थोडा फुगवला असेल असं मला वाटतं, पण आयर्विंगचं अक्षर इतकं भयंकर होतं की हे काम दुसऱ्याने केलं ते बरंच झालं. पुढे एल. एफ. ऑस्टिन हा सेक्रेटरीही आयर्विंगसाठी लिहायला लागला, स्टोकरला ते फारसं रुचलं नाही. म्हणजे खाली आयर्विंगचं नाव असलं तरी वाक्यं त्याची असतीलच असं नाही, आणि खाली स्टोकरचं नाव असलं तरी निर्णय स्टोकरचा असेल असं तर बिलकुल नाही. नटाला नकार, लेखकाला त्याचं नाटक साभार परत, एखाद्याला बॉक्स (थिएटरातली खास बैठक) देता येत नाही म्हणून माफी, हे वाचून काही लोक स्टोकरला कडक मॅनेजर ठरवतात. तो बिचारा निरोप्या होता, सभ्य भाषेत नाही म्हणणारा. ही पत्रं आता बरीच विखुरलीयेत, काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, काही लीड्स युनिव्हर्सिटीत, काही शेक्सपिअरच्या गावी स्ट्रॅटफर्डला, त्यामुळे प्रश्न एकीकडे आणि उत्तर दुसरीकडे असंही होतं.

दोघांतला फरक सगळ्यात लख्ख दिसतो तो उद्घाटनानंतर वीसेक वर्षांनी. साठवलेल्या सेट-पडद्यांचा विमा १०,००० पौंडांचा होता. आयर्विंगने खर्च कमी करायला सांगितलं म्हणून तो ६,००० वर आला, कागदपत्रं अर्थात स्टोकरने केली. फेब्रुवारी १८९८ मध्ये गोदामाला आग लागली आणि चव्वेचाळीस नाटकांचे सेट गेले. फटका बसला आयर्विंगला. पुढच्याच वर्षी लायसियम एका कंपनीच्या हाती द्यायचं ठरलं, तो व्यवहार स्टोकरला बाजूला ठेवून झाला, त्याला तो पटलेला नव्हता, पण थिएटर त्याचं नव्हतंच. आणि त्यानंतरही तो त्याच आयर्विंगच्या नावाने पत्रं लिहीत राहिला, १९०५ मध्ये ब्रॅडफर्डला आयर्विंग वारला तोपर्यंत.