घातांक मूळ असला म्हणून संख्या मूळ ठरत नाही

सोलापुरातल्या अभ्यासिकांमध्ये एकमेकांच्या वह्यांतून उतरवलेला एक ‘नियम’ वर्षानुवर्षे फिरतोय: घातांक मूळ संख्या असेल, तर २ च्या त्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्याच मिळते. हे साफ चूक आहे. घातांक २, ३, ५, ७ घेतले की ३, ७, ३१, १२७ येतात, सगळ्या मूळ. मुलं फसतात ती इथेच. पुढचा ११ घ्या: २०४८ वजा १ म्हणजे २०४७, आणि २३ × ८९ = २०४७. कागदावर गुणून बघाच! खरं आहे ते उलट: अशी संख्या मूळ असेल, तर घातांक मूळ असावाच लागतो. २०२४ मध्ये सापडलेल्या ४ कोटींहून जास्त अंकी मूळ संख्येचा घातांक १३६२७९८४१ मूळच आहे, पण तेवढ्यावर भागलं नाही. ती संख्या वेगळी तपासावी लागली.