व्हिनेगरमधला गुलाबी कांदा : पार्श्वभूमी

तंदुरी पदार्थांच्या ताटलीत मिळणारा गुलाबी कांदा आता अनेक मराठी घरांत रोजचं तोंडी लावणं झाला आहे. वरण-भात असो की मटण, फ्रिजमधली बरणी बाहेर येते. तो कसा करायचा हे बहुतेकांना ठाऊक आहे. ज्या पाण्यात तो मुरतो, त्या पांढऱ्या व्हिनेगरबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही, आणि या पदार्थाचा वादाचा भाग नेमका तिथेच आहे.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. सातव्या शतकात भारतात फिरलेल्या चिनी यात्रेकरूनं लिहून ठेवलं आहे की इथे कांदा-लसूण खाणारे थोडे, आणि खाणाऱ्यांना वस्तीबाहेर घालवलं जाई. आपल्याकडेही आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे पदार्थ मनसोक्त खाऊन चातुर्मासभर कांदा सोडणारी घरं होती आणि आहेत. भाकरीबरोबर कांदा बुक्कीनं फोडून खाल्ला जाई. आंबट हवं तर लिंबू, दही, कैरी, चिंच, आमसूल असं सगळं हाताशी होतं. व्हिनेगरवाचून मराठी स्वयंपाकाचं काहीच अडत नव्हतं.

व्हिनेगर आपल्या आजूबाजूला मात्र होतं. उत्तरेत त्याला सिरका म्हणत. अकबराच्या दरबारातल्या सोळाव्या शतकाअखेरच्या किंमतयादीत उसाचा सिरका वेगळा नोंदवला आहे आणि लोणच्यांमध्ये कांदाही आहे. गोव्यात पोर्तुगीजांना द्राक्षांचं व्हिनेगर सहज मिळेना, तेव्हा माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर स्वयंपाकात आलं आणि तिथलंच होऊन गेलं. नवसारीत एक पारशी पेढी १८८५ पासून उसाचा सरका, म्हणजे सिरकाच, लाकडी पिंपांत मुरवून विकते. मुंबईत धानसाक या पारशी डाळ-मांसाच्या पदार्थाबरोबर येणाऱ्या कांद्याच्या कचुंबरात असा सरका पडतो. मुंबईकरांच्या तोंडी व्हिनेगर लागलेला कांदा आला तो आधी या वाटेनं, ढाब्याच्या वाटेनं नंतर.

१९४७ नंतर चित्र बदललं. फाळणीत घरदार गमावून आलेल्या पंजाबी कुटुंबांनी दिल्लीत तंदूर पेटवले. मुंबईत शीव-कोळीवाड्याच्या छावणीत वसलेल्यांनी खाणावळी काढल्या. पुढे हमरस्त्यांवर ढाबे उभे राहिले. तंदूरमधल्या भाजलेल्या, मसालेदार मांसाबरोबर आंबट आणि करकरीत काहीतरी हवंच असतं, आणि ते स्वस्त, टिकाऊ आणि फुकट वाढता येईल असं हवं. मुरवलेला कांदा या सगळ्या अटींत बसला. बाजार समितीत गोल्टी म्हणून कमी भावात निघणारा बारीक कांदा अख्खा मुरवायला सोयीचा. रंग गडद दिसावा म्हणून त्यात बीटाची फोड टाकायची युक्तीही रूढ झाली.

खरं तर लाल कांद्याला बीटाची गरज नसते. त्याच्या सालीखालच्या पापुद्र्यांत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात आणि ती आम्लात गुलाबी-लाल होतात. तिखटपणाचंही तसंच. सुरी लागली की पेशी फुटतात, त्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि डोळ्यांत पाणी आणणारी संयुगं तयार होतात. आम्ल त्या विकराला मंदावतं, म्हणून अर्ध्या तासात कांदा सौम्य होतो. खरिपाचा लाल कांदा यात छान रंगतो, चाळीत साठवलेला फिकट उन्हाळ कांदा त्या मानानं कमी. अलिबागचा पांढरा कांदा चवीला गोड असला तरी गुलाबी होणारच नाही.

आता मुख्य मुद्दा. ढाब्यावर हा कांदा फुकट वाढणं परवडलं ते स्वस्त पांढऱ्या व्हिनेगरमुळे, आणि ते व्हिनेगर बहुतांशी आंबवलेलं नव्हतं. खरं व्हिनेगर दोन पायऱ्यांनी बनतं: आधी साखरेचा मद्यार्क होतो, मग जिवाणू त्याचं ॲसेटिक आम्ल करतात. दुसरी वाट कारखान्याची. तयार ॲसेटिक आम्ल घ्यायचं, पाणी घालायचं, बाटलीत भरायचं. याला व्हिनेगर म्हणायचं का?

ब्रिटननं नाही म्हटलं. तिथे अशा द्रवाला ‘न आंबवलेलं तोंडी लावणं’ अशा अर्थाचं वेगळं नाव घ्यावं लागतं. भारतानं मधला मार्ग काढला. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांत दोन वेगळ्या व्याख्या आल्या: आंबवून केलेलं ते व्हिनेगर, आम्लापासून केलेलं ते सिंथेटिक व्हिनेगर. दोन्हींत ॲसेटिक आम्ल किमान ३.७५ टक्के हवं. सिंथेटिकमध्ये सल्फ्युरिक किंवा दुसरं खनिज आम्ल घालायला मनाई, आणि ते ॲसेटिक आम्लापासून बनवलं आहे असं लेबलावर स्पष्ट छापणं सक्तीचं. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आणि २०११ ची नियमावली आली तरी ही विभागणी कायम राहिली.

या निर्णयाच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. स्वस्त आम्ल नसतं तर हा कांदा रस्त्याकडेच्या टेबलापर्यंत पोचला नसता. ठरलेल्या प्रमाणात पातळ केलेलं खाद्य दर्जाचं ॲसेटिक आम्ल विषारी नसतं, आंबवलेल्या व्हिनेगरमध्येही मुख्य घटक तोच असतो. ज्यांना मद्यार्कातून गेलेला पदार्थ नको असतो, अशी घरंही सिंथेटिक पसंत करतात. तरीही मला ब्रिटनचा निर्णय जास्त प्रामाणिक वाटतो. आंबवलेल्या व्हिनेगरमध्ये इतर आम्लं आणि सुगंधी संयुगं थोडी थोडी असतात, त्यांनी कांद्याची चव सौम्य आणि भरीव होते. सिंथेटिकमध्ये नुसता आंबट चटका. नाव एकच ठेवल्यानं ग्राहकाला हा फरक आहे हेच कळत नाही, आणि विशेषण बारीक अक्षरांत राहून जातं. हॉटेलच्या वाटीवर तर लेबलच नसतं.

यात महाराष्ट्राचा संबंध कमी लोकांना ठाऊक आहे. भारतात बराच काळ ॲसेटिक आम्लाचा मोठा भाग साखर कारखान्यांच्या मळीतून काढलेल्या अल्कोहोलपासून बनत असे. नैसर्गिक वायूतून मिळणाऱ्या मेथॅनॉलपासून ते बनवण्याची पद्धत इथे नंतर रुळली. म्हणजे ‘सिंथेटिक’ म्हणून हिणवलेल्या बाटलीच्या मुळाशीही कित्येकदा ऊसच होता, फक्त जिवाणूंच्या जागी रसायनप्रक्रिया होती. तपासणीतला एक पेचही यातूनच येतो. सजीवांत थोडा कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर विरून जाणारा किरणोत्सारी कार्बन, असतो; लाखो वर्षं जुन्या नैसर्गिक वायूपासून केलेल्या आम्लात तो उरलेला नसतो, त्यामुळे आंबवलेलं म्हणून खपवलेली अशी बाटली प्रयोगशाळेत पकडता येते. उसाच्या अल्कोहोलपासून केलेलं आम्ल या चाचणीत सहज निसटतं.

घराघरांत हा कांदा रुजला तो अगदी अलीकडे. डिसेंबर २०१९ मध्ये कांदा अनेक शहरांत किलोला शंभरच्या वर गेला, तेव्हा हॉटेलांच्या फुकट वाट्या आटल्या आणि काही ठिकाणी मुळा किंवा कोबी आला. सप्टेंबर २०१९ ची निर्यातबंदी १५ मार्च २०२० ला उठली आणि दहाच दिवसांत देशभर टाळेबंदी लागली. खाणावळी बंद, घरी वेळ, हातात फोन. ढाब्याची चव घरी करण्याच्या खटपटीत कांद्याची बरणी सर्वांत सोपी होती. त्याच सुमाराला मेक्सिकोतल्या युकातान भागातल्या गुलाबी कांद्याचे व्हिडिओही दिसू लागले. तिथे आंबट संत्र्याचा रस किंवा व्हिनेगर वापरतात. आपल्याकडे मग चकत्या, साखर, मिरी, तमालपत्र, गरम पाणी अशी नवी पद्धत आली आणि अख्ख्या गोल्टीची जागा पातळ कापलेल्या मोठ्या कांद्यानं घेतली.

घरच्या पद्धतीत एक गोष्ट निसटते. बाटलीवर ४ टक्के आम्लता असते, आपण त्यात तेवढंच पाणी घालतो, म्हणजे बरणीत राहतं सुमारे २ टक्के. वर कांदा स्वतःचं पाणी सोडतो. हे मुरलेलं लोणचं नाही, ओट्यावर ठेवायचं नाही. ते काचेच्या बरणीत, फ्रिजमध्येच ठेवावं आणि आठवडाभरात संपवावं. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई नसलेलं पितळी भांडं तर नकोच.

आंबवलेलं व्हिनेगर घ्यायचं ठरवलं तर रंगाची अडचण येते. उसाचं व्हिनेगर तपकिरी असतं, त्यात कांद्याचा गुलाबी मळकट होतो. आंबवलेलं पण ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) मद्यार्काचं व्हिनेगर पाण्यासारखं स्वच्छ असतं आणि रंग राखतं. दुकानात ते आणि सिंथेटिक शेजारी शेजारी ठेवलेलं असतं, दिसायला सारखंच, म्हणून बाटली फिरवून मागचं लेबल वाचावं लागतं.